अक्षय तृतीयेची घागर आणि ढोलीतले बी



अक्षय तृतीयेला आपल्या करडीकडे वाडवडिलांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. शेतीचे सालही तेव्हाच बदलते. आमची आजी त्या दिवशी शेणाने सारवलेल्या ढोलीतले चिन्नोरचे बी उघडून पाही. ते बी तिच्या सासूच्या हातचे. पुढे आजी गेली, मग वडील गेले. त्या वर्षी हात आखडला होता. बियाण्याचे धान आम्ही भरडून खाल्ले. घागर मात्र दरसाल भरत राहिलो! आज भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, पण आमच्या घरचे ते बी काही परत आले नाही.

म्हणून यंदा घागर भराल तेव्हा घरच्या धानाचे १०० दाणे न निवडता मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट सुकू देऊ नका. आठवडाभराने ८० पेक्षा कमी उगवले, तर त्याच वाणाचे चांगले बी शेजाऱ्याकडून वेळीच आणा. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगणारे पोचट दाणे काढा. तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

आणि ढोलीवर खडूने लिहा: वाण कोणते, घरात कोणी आणले. आम्ही विचारायला गेलो, तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते.