चाफ्याचा चीक, चांदीचे कण आणि मेंढीचं नाक

जळगावच्या सराफ बाजारात एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा चांदीचा ठोकळा मागितला, तर तो साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरेल. जुन्या तोळ्याला थोडा कमीच. त्याच्या सहाही बाजूंचा पृष्ठभाग मिळून होतो ६ चौरस सेंटिमीटर. आता हा ठोकळा कापत सुटायचं, प्रत्येक तुकड्याची बाजू १० नॅनोमीटर उरेपर्यंत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तुकडे होतील एकावर अठरा शून्यं इतके. चांदी तीच, वजन तेच. पण सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो भरतो ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! अंगठीच्या डबीत मावणारी चांदी अंगण-परसासकट अख्ख्या घराची जागा व्यापून बसते.

नॅनो पातळीवरच्या औषधांची निम्मी जादू या हिशोबात आहे. पदार्थाचा जंतूशी, पेशीशी, पाण्याशी जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावर होतो. आतली चांदी नुसती बसून असते. तुकडे केले की आतलीही कामाला लागते.

पण इतके बारीक तुकडे करायचे कोणी? सोनाराची कातर तिथवर पोचत नाही. जळगावच्या विद्यापीठात हे काम चाफ्याच्या चिकाकडून करून घेतलं गेलं.

हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झालं, तेव्हाचं नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावानं ओळखलं जातं, तरी बसमध्ये तिकीट मागणारा अजून ‘उमवि’च म्हणतो. इथल्या जीवशास्त्र प्रशाळेतून २०१२ साली ‘पॅरासायटॉलॉजी रिसर्च’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक शोधनिबंध गेला. लेखक पाच : चंद्रशेखर पाटील, सतीश पाटील, हेमंत बोरसे, बिपिनचंद्र साळुंके आणि राहुल साळुंखे. आडनावं वाचली की मुलूख सांगावा लागत नाही. विषय होता लाल चाफ्याच्या, म्हणजे प्लुमेरिया रुब्राच्या, चिकापासून चांदीचे नॅनोकण बनवणं आणि त्यांनी डासांच्या अळ्या मरतात का ते पाहणं.

चाफ्याचं पान तोडलं की देठातून जो पांढरा चीक गळतो, तोच हा. लहानपणी ‘डोळ्यात जाईल’ म्हणून सगळ्यांनी ओरडा खाल्लेला असतो. या चिकात प्रथिनं असतात आणि इतरही बरीच रसायनं. दुसऱ्या बाजूला असतं सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण. नेहमीचं प्रमाण म्हणजे लिटरभर पाण्यात ०.१७ ग्रॅम. ते पाण्यासारखं नितळ दिसतं, पण उजेडानं बिघडतं म्हणून तपकिरी बाटलीत ठेवायचं, आणि हाताला लागलं तर कातडीवर काळे डाग पडतात ते काही दिवस जात नाहीत. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी कोण ते बोटांवरून ओळखता येतं.

द्रावणात चांदीचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. चिकातली रसायनं तो त्याला परत देतात. इलेक्ट्रॉन मिळालेले अणू एकमेकांना चिकटू लागतात, गोळा वाढू लागतो, आणि तो फार वाढायच्या आत चिकातलीच प्रथिनं त्याच्याभोवती लपेटली जातात. वाढ तिथेच थांबते. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त रंग. फिकट द्रावण पिवळसर होतं, मग गडद होत तपकिरी. चांदीच्या इतक्या बारीक कणात मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकसाथ हिंदकळतात आणि जांभळ्या-निळ्या बाजूचा प्रकाश शोषून घेतात. उरलेला रंग आपल्यापर्यंत येतो. मायकेल फॅरेडेनं १८५७ साली सोन्याचे असेच अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले होते, तेव्हा पाणी माणकासारखं लाल झालं होतं. त्याच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

रंग बदलला म्हणजे कण झाले असं मानून चालत नाही, ते पाहावे लागतात. त्यासाठी ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी घेतात. चिमट्यात धरतानाही सुटेल इतकी नाजूक. तिच्यावर द्रावणाचा एक थेंब वाळवायचा, ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात पोटात सरकवायची आणि वाट पाहायची. असं यंत्र प्रत्येक विद्यापीठाला परवडत नाही. नमुने घेऊन दुसऱ्या संस्थेची वेळ मागायची, तिथल्या तंत्रज्ञाची मनधरणी करायची, हे आपल्याकडच्या संशोधक विद्यार्थ्याच्या नशिबी असतंच. त्या तंत्रज्ञाचं नाव निबंधाच्या शेवटी आभारात आलं तर आलं. चाफ्याच्या कणांचं चित्र आलं तेव्हा आकार ३२ पासून २०० नॅनोमीटरपर्यंत निघाले. एवढी तफावत औषध म्हणून चालत नाही, आणि झाडांच्या रसातून कण बनवण्याच्या पद्धतीचं हे जुनं दुखणं आहे.

चाफा हे काही एकच झाड नव्हतं. त्याच वर्षी याच गटानं कुंपणावर चढणाऱ्या उतरणीच्या वेलाचा चीक वापरला, एरंडाच्या कुळातल्या झाडांचाही वापरला. आदल्या वर्षी, २०११ मध्ये, एका बुरशीकडून हेच काम करून घेतलं होतं. तिचं नाव कॉक्लिओबोलस ल्युनॅटस. ज्वारी काढणीला आली असताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, त्याला जबाबदार असणाऱ्या बुरशींपैकी ही एक. खान्देशातल्या शेतकऱ्यानं तिला शिव्याच दिल्या असतील. बुरशीकडून चांदीचे कण घडवण्याची वाट त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटानं २००१ च्या सुमाराला जगाला दाखवली होती. जळगावकरांनी ती बांधावर आणली.

आता अळ्या. माझ्या मते या संशोधनातली सगळ्यात न दिसणारी मेहनत इथे आहे. डास प्रयोगशाळेत पाळावे लागतात. डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती आणि शहरातल्या हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. अंड्यांतून अळ्या निघाल्या की त्यांना खायला घालायचं. बहुतेक प्रयोगशाळांत त्यासाठी कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा आणि यीस्ट वापरतात, तेव्हा महिन्याच्या खरेदीच्या यादीत रसायनांच्या जोडीनं बिस्किटंही येतात. अळी चार अवस्थांतून जाते. प्रयोगासाठी एकाच अवस्थेतल्या अळ्या निवडून घ्याव्या लागतात, डोळ्यांत तेल घालून.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत ठरलेली आहे. भांड्यात साधारण २५ अळ्या, वेगवेगळ्या प्रमाणात औषध, २४ तास थांबायचं आणि मोजायचं. मेलेली अळी कोणती, यावरही नियम आहे. सुईनं टोचल्यावर जी हलत नाही ती मेली. जी हलते, पण डिवचूनही वर पृष्ठभागाशी येऊ शकत नाही, ती मरणपंथाला लागलेली, आणि तीही मेलेल्यांत धरायची. शेजारी नुसत्या पाण्यातल्या अळ्यांचं भांडं ठेवतात. त्यातल्याच ५ ते २० टक्के अळ्या मेल्या तर ॲबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९२५ साली दिलेल्या सूत्रानं आकडे दुरुस्त करायचे. वीस टक्क्यांच्या वर गेल्या तर सगळा प्रयोग फेकून द्यायचा आणि अंड्यांपासून पुन्हा सुरुवात. दोन अवस्था, दोन जातींचे डास, प्रत्येक प्रमाणाचे कित्येक पेले. शोधनिबंधात हे सगळं एका तक्त्यात मावतं.

तक्ता मात्र बोलका आहे. निम्म्या अळ्या मारायला नुसता चाफ्याचा चीक शेकड्यांच्या घरात लागला, एडीसच्या दुसऱ्या अवस्थेला १८१ पीपीएमच्या वर. पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम. चिकातून बनलेल्या चांदीच्या कणांनी तेच काम २ पीपीएमच्या आत केलं.

इथे थांबून विचारायला हवं की हा पराक्रम चिकाचा की चांदीचा? चांदी पाण्यातल्या जिवांना विषारी आहे, हे आधीपासून माहीत आहे. तेव्हा चिकाशी तिची तुलना करून शंभर पट फरक दाखवणं मला फारसं न्याय्य वाटत नाही. चिकाचं खरं कौतुक आहे ते कण घडवण्याचं आणि ते एकमेकांना चिकटू न देण्याचं. ‘हरित’ हा शब्द अशा संशोधनात सढळ हातानं वापरतात. झाड हिरवं असलं म्हणून चांदी हिरवी होत नाही.

या गटाला ही शंका सुचली नव्हती असं नाही. म्हणून तर त्यांनी गप्पी मासे आणले. महानगरपालिकेची माणसं विहिरीत, हौदात सोडतात तेच हे मासे. डासांच्या अळ्या हे त्यांचं खाणं. अळ्या मारणारं औषध गप्पीलाही मारत असेल, तर आपण आपलाच पहारेकरी मारला. ज्या प्रमाणात अळ्या मेल्या, त्या प्रमाणात माशांना अपाय दिसला नाही. मला या निबंधातली सगळ्यात शहाणी ओळ हीच वाटते. अर्थात एक मासा सुखरूप म्हणजे सगळं तळं सुखरूप, असं म्हणता येत नाही.

डास मारणं म्हणजे औषध नव्हे, असं कोणी म्हणेल. त्यांनी धुळे जिल्ह्यात शिरपूरला चलावं. तापी ओलांडून मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव. इथल्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतल्या हितेंद्र महाजन, मिलिंद महाजन, पंकज नेरकर आणि अंशुमन अग्रवाल यांचा निबंध २०१४ साली ‘ड्रग डिलिव्हरी’ या नियतकालिकात आला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता सॅक्विनाविरचा. १९९५ मध्ये मंजूर झालेलं हे एचआयव्हीवरच्या औषधांच्या एका नव्या प्रकारातलं पहिलं औषध. पाण्यात नीट विरघळत नाही, गिळलं तर यकृतच त्याचा फडशा पाडतं आणि रक्तात जेमतेम काही टक्के पोचतं. मेंदूत तर त्याहून कमी, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती परक्याला सहसा आत घेत नाहीत. विषाणू मात्र मेंदूत दडून बसतो.

एक वाट उघडी असते, ती नाकाची. वास घेणाऱ्या चेतातंतूंची टोकं नाकाच्या छताशी असतात आणि तिथून थेट मेंदूत जातात. शिरपूरकरांनी औषध तेलात विरघळवलं आणि त्या तेलाचे पाण्यात नॅनो आकाराचे थेंब केले. यासाठी घुसळायला मोठं यंत्र लागलं नाही. योग्य तेल, योग्य साबणासारखी रसायनं आणि योग्य प्रमाण जमलं की थेंब आपोआप बनतात. ते प्रमाण सापडेपर्यंत थेंब-थेंब पाणी घालत बसायचं. दुधाळ मिश्रण अचानक नितळ झालं की समजायचं, जमलं. थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूपच लहान झाल्यानं प्रकाश त्यांना अडत नाही. गंमत बघा, चांदी बारीक झाली की तिला रंग येतो आणि तेल बारीक झालं की त्याचा रंग जातो.

मग नाक हवं. ते आलं मेंढीचं. मेंढीच्या नाकाच्या आतलं पातळ अस्तर काढून काचेच्या दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचं, वर औषध घालायचं आणि खाली किती उतरतं ते ठरावीक वेळानं मोजायचं. अस्तर ताजं लागतं, त्यामुळे असं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला खाटिकखान्याचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. नुसतं उतरून भागत नाही. नाकातल्या सूक्ष्म केसांना इजा होता कामा नये. ती झाली नाही, हेही त्यांनी तपासलं. शेवटी उंदरांवर प्रयोग झाले. शिरेतून दिलेल्या साध्या औषधापेक्षा नाकातून दिलेल्या नॅनोथेंबांचं औषध मेंदूत जास्त पोचलं. गॅमा किरणांच्या प्रतिमेत ते दिसलंही.

असे निबंध आणि दवाखान्यातली बाटली यांच्यात मोठं अंतर असतं. चरबीच्या सूक्ष्म गोळ्या, म्हणजे लिपोसोम, १९६० च्या दशकात माहीत झाल्या. त्यांत भरलेलं कर्करोगावरचं डॉक्सिल बाजारात यायला १९९५ उजाडलं. कोविडच्या एमआरएनए लशी ज्या चरबीच्या नॅनोकणांत बसून दंडात शिरल्या, त्यांच्यामागेही कित्येक दशकांचं काम होतं. त्यात हजारो अशी माणसं होती ज्यांनी थेंब मोजले, अळ्या मोजल्या आणि आकडे चुकले म्हणून प्रयोग फेकून दिले.

तेव्हा चाफ्याच्या चिकातली चांदी तुमच्या कूलरच्या पाण्यात टाकायला मिळेल, या आशेवर राहू नका. एडीसच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा कूलर, रांजण आणि टाकी रिकामी करून घासा, कोरडी ठेवा. आणि विहीर असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन गप्पी मासे मागून आणा.