खेळातला मोंढा आणि गटाचं कर्ज



दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या एका गटात कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम १८ हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलाच्या धंद्यासाठी कॉम्प्युटर’. अर्ज करणारी ताई जुनी सभासद, सात वर्षांत तिचा एक हप्ता चुकलेला नाही. तरी अध्यक्षांनी विचारलंच, “कशाचा धंदा गं?” ताई म्हणाली, “मोबाईलमधल्या खेळात माल घेतो अन् विकतो म्हणं. मला काय कळतंय त्यातलं.” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मग एकीनं मुद्दा काढला, की शेळीसाठी कर्ज मागितलं तर आपण शेळी बघायला जातो. मग हा धंदा न बघताच नाही कसं म्हणायचं? ठरलं, पोराला बोलवायचं.

पोरगा आला. बारावी झालेला, लाजरा. पण मोबाईल मध्ये ठेवून बोलायला लागला आणि दीड तास थांबला नाही. नंतर आम्ही समन्वयक बायकांनी त्याच्याकडून आणि वाचून उरलेलं समजून घेतलं. हाच प्रश्न आम्हाला पुढे आणखी दोन गावांत विचारला गेला, म्हणून आज रेडिओवर सांगत आहोत.

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. मूळ रूनस्केप २००१ साली इंग्लंडमध्ये निघाला, जॅगेक्स ही त्याची कंपनी केंब्रिजची. खेळ बदलत गेला तसे जुने खेळाडू रुसले, तेव्हा २०१३ साली त्यांचं मत घेऊन २००७ सालचं रूप पुन्हा सुरू केलं. २०१८ पासून तो मोबाईलवर चालतो. त्यात गिलिनोर नावाची एक खोटी दुनिया आहे. राजे, जादूगार, राक्षस, ड्रॅगन, सगळं. आपण एक माणूस व्हायचं आणि तिथं जगायचं. गंमत अशी, की लढाई कमी आणि कामच जास्त! झाडं तोडायची, मासे धरायचे, खाणीतून लोखंड काढायचं, भट्टीत वितळवायचं, तलवारी घडवायच्या. प्रत्येक कामाची पातळी असते, एकपासून नव्याण्णवपर्यंत. आणि एकाच वेळी जगभरातले हजारो लोक हे करत असतात.

एवढे लोक काम करायला लागले की बाजार आलाच. मासे धरणाऱ्याला तलवार हवी, लढणाऱ्याला खायला शिजवलेला मासा हवा, कारण तो खाल्ला की जखमी माणसाची ताकद परत येते. पूर्वी लोक खेळातल्या चौकात उभे राहून ओरडून माल विकत. मग ग्रँड एक्स्चेंज नावाचा बाजार आला. व्हॅरॉक नावाच्या शहरात तो आहे. त्याला आपला मोंढाच म्हणा, फक्त अडत्या नाही. आपण माल ठेवायचा, भाव सांगायचा. दुसरीकडून कुणीतरी घ्यायचा भाव सांगतो. दोन्ही जुळले की सौदा झाला. घेणारा विकणाऱ्याला दिसतही नाही. बहुतेक मालाला हद्द आहे, चार तासांत एका माणसाला ठरावीक नगांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, म्हणजे कुणी एकट्यानं सगळा माल दाबून ठेवू नये. आमच्या एका सखीनं लगेच विचारलं, “असली हद्द तुरीला का नाही?” त्याचं उत्तर आमच्याकडेही नव्हतं.

पोरगा करतो ते काम म्हणजे कमी भावात घ्यायचं, जास्त भावात विकायचं. आधी एकच नग मुद्दाम चढ्या भावात घ्यायचा, तोच उतरत्या भावात विकायचा. त्यातून वरचा भाव आणि खालचा भाव दोन्ही कळतात. मग खालच्या भावाला बोली लावायची आणि वाट बघायची. समजा एक वस्तू १,००० नाण्यांना मिळाली आणि १,०३० ला विकली. तीस सुटले असं वाटेल. पण बाजार विक्रीवर कर घेतो. २०२१ च्या डिसेंबरात तो शेकडा एक होता, पुढे दोन झाला. म्हणजे वीस नाणी करात गेली, हातात उरली दहा. आमच्या पापड करणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज पडली नाही. पिशवी, शिक्का, गाडीभाडं धरलं की किती उरतं, ते त्यांना पाठ आहे.

हा कर का घेतात, तेही ऐकण्यासारखं आहे. या दुनियेत राक्षस मारला की त्याच्याकडून नाणी पडतात. ती कुणाच्या खिशातून येत नाहीत, नवीन तयार होतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या घरी नोटा छापायचं यंत्र आहे म्हणा ना. नाणी वाढत गेली आणि माल तेवढाच राहिला, तर भाव वाढतच जाणार. म्हणून नाणी नाहीशी करणारी वाटही ठेवावी लागते. कराची नाणी नाहीशी होतात, आणि त्यातल्या काहींनी बाजारातला मालही विकत घेऊन नष्ट करतात, म्हणजे मालाचा ढीग साचत नाही. महागाई म्हणजे काय, हे बीएला आम्ही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. खरं कळलं ते या पोराच्या मोबाईलमध्ये.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागली. खेळात कच्चा मासा बऱ्याचदा शिजवलेल्या माशापेक्षा महाग असतो. उलटं वाटतं की नाही? आपण तर प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो की कच्चा माल विकू नका, प्रक्रिया करा, दाम वाढेल. तिथं असं होतं, की हजारो लोकांना स्वयंपाकाची पातळी वाढवायची असते. ते तोटा सोसून कच्चा मासा घेतात, शिजवतात आणि मिळेल त्या भावात विकून टाकतात. शिकणाऱ्यांचा माल इतका येतो की शिजवलेल्याला किंमत राहत नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तालुक्यात प्रत्येक गटाला शिवणाचंच प्रशिक्षण दिलं, सगळ्यांनी पिशव्याच शिवल्या, त्या पिशव्या अजून ग्रामसंघाच्या खोलीत पडून आहेत.

हे सगळं ऐकून बायका हसायच्या थांबल्या होत्या. अध्यक्षा म्हणाल्या, “पोरगं हुशार आहे.” मग त्यांनीच पुढचा प्रश्न टाकला. “नाणी झाली. रुपये कसे करतोस?”

इथं तो अडखळला.

खेळात पैसे जातात त्याची सरळ वाट आहे. कंपनीकडून रुपये देऊन बाँड नावाची वस्तू घ्यायची, ती बाजारात नाण्यांना विकायची. ज्याच्याकडे नाणी आहेत तो ती घेतो आणि १४ दिवसांची सभासदी मिळवतो. म्हणजे कष्टाळू खेळाडू रुपये न देता खेळू शकतो. पण ही वाट आत येणारी आहे. नाणी देऊन रुपये बाहेर काढायला कंपनीची सक्त मनाई आहे, सापडलं तर खातं बंद, सगळी कमाई गेली. तरी चोरून विकणारे आहेत. आणि आपला पोरगाही त्यांतला एक निघाला. त्यानं अनोळखी माणसाला दोनदा नाणी विकली होती. पहिल्यांदा १,२०० रुपये आले. दुसऱ्यांदा २,७०० ठरले, यानं नाणी दिली, तो माणूस गायब. तक्रार कुठं करणार? विकणंच नियमाबाहेर. हे तो अकरा बायकांसमोर, खाली बघत बोलला. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि बैठक संपेपर्यंत बोलली नाही.

सख्यांनो, खेळातून पोट भरायचा प्रयत्न करणारा तो पहिला नाही. २००१ सालीच एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञानं एव्हरक्वेस्ट नावाच्या अशाच खेळाचा हिशोब मांडला होता. तिथला माल खऱ्या डॉलरमध्ये कितीला विकला जातो ते बघून त्यानं काढलं, की खेळणाऱ्याची तासाची कमाई साधारण साडेतीन डॉलर पडते. व्हेनेझुएला देशात चलनाची माती झाली, महिन्याच्या पगारात किराणा येईना, तेव्हा तिथले कितीतरी लोक याच रूनस्केपमध्ये दिवसभर हिरवे ड्रॅगन मारत बसायचे. ड्रॅगनची हाडं आणि कातडी विकायची, नाणी डॉलरला द्यायची, त्यावर घर चालवायचं. ती जागा अशी, की तिथं दुसरा खेळाडू आपल्याला मारून माल लुटू शकतो. काहींनी ही माणसं कोण आहेत ते ओळखून त्यांनाच मारायचा खेळ केला. त्यांना ती गंमत वाटली. समोरच्याची मात्र त्या दिवसाची रोजी गेली.

फिलिपिन्सची गोष्ट तर आपल्या गटांनी जास्त नीट ऐकावी. तिथं कोरोनाच्या काळात ॲक्सी इन्फिनिटी नावाचा खेळ गावोगाव पसरला. ‘खेळा आणि कमवा’ अशीच त्याची जाहिरात. या खेळात विकायला मनाई नव्हती, उलट विकण्यासाठीच तो होता. पण सुरुवातीला तीन प्राणी विकत घ्यावे लागायचे. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते दुसऱ्याचे प्राणी बटईनं घेऊन खेळायचे आणि कमाईत मालकाला वाटा द्यायचे. म्हणजे बटईची शेतीच. बक्षिसात एसएलपी नावाचं नाणं मिळायचं. २०२१ च्या जुलैत एका नाण्याला पस्तीस सेंटच्या आसपास भाव होता, वर्षभरात तो एका सेंटच्याही खाली गेला. का? नाणी रोज नवीन तयार होत होती आणि ती घेणारे म्हणजे नव्यानं येणारे खेळाडू. नवीन लोक यायचे थांबले, भाव कोसळला. त्यात २०२२ च्या मार्चमध्ये चोरांनी त्याच्या साठ्यातून ६० कोटी डॉलरहून जास्त रकमेवर डल्ला मारला. साखळी योजनांमध्ये पैसे घालून बसलेल्या बायका आपल्याकडेही आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

पैसे दुप्पट करून देणारे तर त्या खेळातल्या बाजाराच्या दारातच उभे असतात. आधी थोडी नाणी घेऊन खरंच दुप्पट परत देतात, मग मोठी रक्कम दिली की पळतात. सौदा करताना शेवटच्या क्षणी माल बदलणारे इतके झाले, की कंपनीला दोनदा ‘हो’ विचारणारी पाटी लावावी लागली. आपलं पोरगं खेळत असेल तर त्याला नुसतं ओरडू नका. बसून विचारा. पैसे आत जातात का, किती जातात? बाहेर येतात का, कोण देतं? तुमच्या फोनचा यूपीआयचा पिन त्याला माहीत आहे का? असेल तर आज बदला. फसवणूक झालीच तर लाजू नका, १९३० या नंबरवर लगेच फोन करा. आणि रमीसारखे पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. त्यांच्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं बंदीचा कायदा केला आहे, तिथं ‘हुशार आहे’ म्हणून कौतुक करू नका.

आता कर्जाचं काय झालं ते सांगतो. त्या दिवशी गटात दोन तट पडले. एक म्हणे, पोराचं डोकं चालतंय तर हात द्या. दुसरा म्हणे, हप्ता कशातून फेडणार? नाणी मोजून बँक पैसे घेत नाही. अर्ज पुढच्या महिन्यावर ठेवला. आम्हालाही तो नाकारावा असंच वाटत होतं, आणि घरी जाताना वाईटही वाटत होतं. कारण महिनाभर वही लिहून भाव टिपणारा असा दुसरा मुलगा त्या गावात आम्ही बघितलेला नाही.

पुढच्या बैठकीला ताई आली ती नवीन अर्ज घेऊन. रक्कम ९ हजार, जुना कॉम्प्युटर. परतफेड कशातून, त्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या शिवणकामातून’. पोरगा अकाउंटिंगचा कोर्स करणार, रात्री खेळला तर खेळू दे, म्हणाली, पण नाणी विकायची नाहीत. आठ जणी हो म्हणाल्या, दोघी नाही म्हणाल्या. त्या दोघींचं म्हणणंही इतिवृत्तात लिहून घेतलं.

दहा हप्ते ठरले, व्याज शेकडा दोन. पहिला हप्ता, मुद्दल ९०० आणि व्याज १८०, चार तारखेला जमा झाला.