इमू : पक्षी कसा आणि धंदा कसा

पुस्तकातल्या चित्रामुळे आपल्या मुलांना शहामृग ठाऊक असतो. न उडणारा मोठा पक्षी म्हटले की तेवढेच नाव पुढे येते. वास्तविक पंधरा वर्षांपूर्वी त्याच्याच कुळातला दुसरा पक्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत जाळीच्या कुंपणामागे उभा होता. त्याचे नाव इमू. त्याच्यापायी अनेक कष्टकरी घरांची शिल्लक गेली. पैसे घालणाऱ्यांनी कंपनीचे रंगीत पत्रक पाहिले. पक्षी नीट पाहिला नाही. तो आज पाहू या.

इमूचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे कॅसोवरी. न्यू गिनी बेट आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील क्वीन्सलँडची दाट, सदा ओली जंगले हे त्याचे घर. उंची माणसाएवढी. मादीचे वजन साठ किलोच्या आसपास, नर तिच्याहून लहान. अंगावर काळीभोर पिसे, पण ती अस्वलाच्या केसांसारखी लोंबतात. मान निळीजांभळी, आणि कोंबड्याच्या गळ्याखाली लोंबते तसे लाल मांस तिच्यावर लोंबते. डोक्यावर उंच तुरा, तोही पिसांचा नव्हे. आत जाळीदार हाड आणि वर शिंगासारखे कठीण आवरण. हा तुरा कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद होता. २०१९ साली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, तेव्हा उकाड्यात अंगातली उष्णता या तुऱ्यातून बाहेर पडते असे दिसले. पंखांच्या जागी साळिंदराच्या काट्यांसारख्या चार काड्या उरल्या आहेत. पायाला तीन बोटे, त्यांतल्या आतल्या बोटाची नखी दहा-बारा सेंटिमीटर लांब, सरळ सुऱ्यासारखी. १९२६ साली ऑस्ट्रेलियात एक मुलगा आणि २०१९ साली अमेरिकेतील फ्लोरिडात त्याला पाळणारा माणूस याच नखीने गेले. एरवी हा पक्षी लाजाळू. झाडाखाली पडलेली फळे अख्खी गिळतो, बिया विष्ठेतून दूर नेऊन टाकतो. त्या जंगलातली कित्येक झाडे अशीच पसरतात.

कॅसोवरीला पाळून कोणी लखपती व्हायला गेले नाही. ते इमूच्या नशिबी आले, कारण तो गरीब स्वभावाचा.

इमू ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळाचा. कॅसोवरीसारखा तुरा नाही, रंगांची उधळण नाही. पिसे वाळल्या गवताच्या रंगाची, एका मुळातून दोन-दोन फुटलेली. अंगावर वाळल्या कडब्याची पेंढी टाकावी तसा तो दिसतो. पंख वीतभर. उडणे नाही, पण तासाला जवळजवळ पन्नास किलोमीटर पळतो. अंडे गर्द हिरवे, अर्ध्या किलोहून जास्त वजनाचे. मादी अंडी घालून निघून जाते; नर जवळपास आठ आठवडे उपाशीपोटी उबवत बसतो, मग पट्टेरी पिलांना महिनोन् महिने घेऊन हिंडतो. आपल्याकडे बापाचे हे काम यंत्राने केले.

आता धंदा. भारतात इमूपालन नव्वदच्या दशकात आंध्राकडून सुरू झाले. मांसात चरबी नाही, तेल सांधेदुखीवर चालते, कातडे विकते, नखेसुद्धा विकतात, असे सांगत दलाल फिरले. मी बी. कॉम. झालेला कारकून, म्हणून एकच प्रश्न विचारतो : शेवटचे गिऱ्हाईक कोण? आपल्या बाजारात इमूचे मटण कोणी मागत होते काय? नाही. पिले घेणारा पुन्हा पिलेच विकणार, आणि ती घेणारा पुन्हा पिलेच. म्हणजे आधीच्याचा नफा नंतरच्याच्या खिशातून. नवा माणूस मिळेनासा झाला की साखळी तुटली.

तमिळनाडूतील पेरुंदुराईच्या सुशी इमू फार्म्सचा हिशोब वर्तमानपत्रांत आला होता. दीड लाख रुपये भरा, सहा पिले घ्या, दरमहा सहा हजार मिळतील. वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे शेकडा अठ्ठेचाळीस! बँक तेव्हा नऊ टक्क्यांच्या आसपास देत होती. जो पक्षी दीड-दोन वर्षे अंडेही घालत नाही, त्याच्या जिवावर पहिल्याच महिन्यापासून सहा हजार कुठून येणार? ते नव्या ठेवीदाराच्या पैशातून येत होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचा कारभार कोसळला, हजारो पक्षी शेडमध्ये उपाशी राहिले आणि सरकारच्या पशुसंवर्धन खात्याला दाणा घालावा लागला.

अशी पत्रके आपल्याकडेही वाटली गेली. माझ्या ओळखीच्या एका विडी कामगार बाईंनी भिशीचे आणि मुलीच्या लग्नाचे मिळून पैसे भावाच्या शेतातल्या इमूंत घातले. घेताना कंपनीने ‘पक्षी परत घेऊ’ असे लिहून दिले होते. पावती आहे, कंपनीचे दार बंद आहे. मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे गेले. पुढे दाणा परवडेना. पक्षी रोज खायला मागतो, त्याला मंदी कळत नाही. काही मेले, उरलेले भावाने येईल त्या भावाला देऊन टाकले. परवा गेलो तेव्हा त्या शेडमध्ये चार शेळ्या बांधलेल्या होत्या. सहा फुटी जाळी तशीच होती. शेळ्यांना एवढी उंच जाळी लागत नाही, पण तिचे कर्ज फिटायचे आहे, म्हणून काढलेली नाही.