यलोस्टोनच्या दुर्गम भागातील गरम पाण्याचे झरे

यलोस्टोनच्या दुर्गम भागातील गरम पाण्याचे झरे हे अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील, मोटाररस्त्यापासून दूर असलेले भूऔष्णिक झरे आहेत. तेथे केवळ पायी, घोड्यावरून किंवा काही ठिकाणी होडीने पोहोचता येते. उद्यानाच्या गजबजलेल्या भागांत झऱ्यांभोवती लाकडी पदपथ, कठडे व सूचनाफलक असतात. दुर्गम भागात यांपैकी बहुधा काहीच नसते. कोठे थांबावे हे सांगणारे तेथे कोणी नसल्यामुळे भेटीचे बहुतेक निर्णय प्रवासापूर्वीच घ्यावे लागतात. उद्यानातील उष्ण झऱ्यांत पडून किंवा उतरून भाजल्यामुळे आजवर २० हून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला आहे.

स्थान व निर्मिती

यलोस्टोनची स्थापना १८७२ मध्ये झाली. उद्यानाचा बहुतांश भाग वायोमिंग राज्यात असून काही भाग मोंटाना व आयडाहो या राज्यांत आहे. येथे झरे, गायझर, चिखलकुंडे व वाफेची विवरे मिळून १०,००० हून अधिक भूऔष्णिक स्थाने आहेत. सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्या ज्वालामुखीच्या शिलारसाची उष्णता आजही भूगर्भात टिकून आहे. पावसाचे व बर्फाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते आणि पुन्हा पृष्ठभागाकडे येते. नॉरिस गायझर खोऱ्यात घेतलेल्या एका संशोधन-छिद्रात सुमारे ३३० मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान आढळले होते.

दुर्गम भागातील तीन क्षेत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. शोशोनी सरोवराच्या पश्चिम टोकाशी शोशोनी गायझर खोरे आहे. हार्ट सरोवराजवळच्या झऱ्यांपर्यंतची पायवाट एका बाजूने सुमारे १२ ते १३ किलोमीटर लांब आहे. उद्यानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात धबधब्यांसाठी ओळखले जाणारे बेकलर खोरे आहे.

कुंड आणि झरा यांतील फरक

महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे किंवा तुरळ येथील गरम पाण्याची कुंडे परिचित आहेत. तेथे पाणी बांधीव कुंडात येते, पायऱ्या असतात आणि कोणत्या कुंडात उतरावे हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. त्यामुळे गरम पाण्याचा झरा म्हणजे स्नानाचे ठिकाण, असा समज सहज होतो. यलोस्टोनला तो लागू पडत नाही. उद्यानाची उंची मोठी असल्याने तेथे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते आणि अनेक झरे त्या तापमानाच्या आसपास असतात. स्नानाच्या पाण्याचे तापमान साधारणतः ४० अंशांपेक्षा अधिक नसावे असे मानले जाते. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत गंभीर भाजते.

केवळ भूऔष्णिक उगमाच्या पाण्यात उतरण्यास किंवा पोहण्यास उद्यानात कायद्याने मनाई आहे. गरम पाणी नदीच्या किंवा ओढ्याच्या थंड पाण्यात मिसळते अशा काही जागांनाच अपवाद आहे. बेकलर खोऱ्यातील फेरिस फोर्क ओढ्यातील डोह हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र अशा जागाही बंद केल्या जाऊ शकतात. बॉइलिंग रिव्हर हे लोकप्रिय स्नानस्थळ जून २०२२ मधील महापुरानंतर बंद करण्यात आले. म्हणून निघण्यापूर्वी उद्यान कार्यालयाकडून सद्यःस्थिती जाणून घेणे आवश्यक ठरते.

प्रमुख धोके

पातळ कवच: झऱ्यांच्या पाण्यातील सिलिका साचून काठावर पांढरट कवच तयार होते. वरून ते टणक जमिनीसारखे दिसते. पण काही ठिकाणी ते अत्यंत पातळ असून त्याखाली उकळते पाणी असते. दुर्गम भागात आखलेली पायवाट न सोडणे हा पहिला नियम मानला जातो. वन्य प्राण्यांच्या पाऊलखुणा हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. जून २०१६ मध्ये नॉरिस येथे पदपथ सोडून सुमारे २०० मीटर आत गेलेला एक तरुण झऱ्यात पडून मरण पावला. पाणी अतिशय उष्ण व आम्लधर्मी असल्याने त्याचे अवशेषही हाती लागले नाहीत.

फसवे रंग: झऱ्याचा निळाशार मध्यभाग बहुधा सर्वाधिक उष्ण असतो. कडेचे पिवळे, नारिंगी व तपकिरी पट्टे उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांमुळे दिसतात आणि तेथील पाणी तुलनेने कमी तापलेले असते. परंतु प्रकाशसंश्लेषण करणारे हे सूक्ष्मजीव सुमारे ७३ अंशांपर्यंत तग धरतात. त्यामुळे रंगीत कडही मनुष्याला भाजण्याइतकी गरम असू शकते.

अंधार: ऑगस्ट २००० मध्ये रात्री नदीवरून परतणारे उद्यानातील तीन कर्मचारी लोअर गायझर खोऱ्यातील एका झऱ्यात पडले. त्यांपैकी एका तरुणीचा मृत्यू झाला. परिसराशी परिचय असणेही अंधारात पुरेसे ठरत नाही.

अविचारी बचाव: १९८१ मध्ये झऱ्यात पडलेल्या कुत्र्याला वाचवण्यासाठी एका व्यक्तीने उकळत्या पाण्यात उडी घेतली आणि तिचा मृत्यू झाला. प्राण्याला झऱ्यांजवळ आणू नये आणि मुलांचा हात सोडू नये. कोणी पाण्यात पडल्यास स्वतः न उतरता भक्कम काठावरून काठी किंवा दोर पुढे करावा.

वायू, सूक्ष्मजीव व विषारी घटक: सखल जागी हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड साचू शकतात. कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असू शकतो. तो नाकावाटे शरीरात शिरल्यास होणारा मेंदूचा संसर्ग दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. म्हणून परवानगी असलेल्या जागीही डोके पाण्याखाली घालू नये. झऱ्याचे पाणी पिऊ नये. त्यातील आर्सेनिक उकळल्याने नाहीसे होत नाही.

बाष्पस्फोट: २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिन येथे अचानक स्फोट होऊन दगड व चिखल उंच उडाला आणि पदपथाची मोडतोड झाली. कोणीही जखमी झाले नाही.

भेटीचे नियोजन

हंगाम: उंच भागांत जूनअखेरपर्यंत, कधी जुलैपर्यंतही बर्फ असते. बेकलर खोऱ्यातील नद्या जुलैच्या मध्यापर्यंत ओलांडण्यास धोकादायक असू शकतात. अस्वलांच्या वावरामुळे हार्ट सरोवर परिसर १ एप्रिल ते ३० जून या काळात बंद ठेवला जातो.

परवाना: दुर्गम भागात मुक्कामासाठी परवाना घ्यावा लागतो आणि नेमून दिलेल्या तळावरच राहावे लागते. परवाना घेताना पायवाटा, पूर, वणवे व अस्वले यांची ताजी माहिती मिळते.

सोबत व संपर्क: तीन किंवा अधिक जणांच्या गटाने जावे, असे उद्यान प्रशासन सुचवते. भ्रमणध्वनी बहुतेक ठिकाणी चालत नाही. मार्ग व परतीची वेळ लिहून मागे राहिलेल्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. उपग्रह संदेशयंत्र असल्यास उत्तम. कागदी नकाशा, होकायंत्र, विजेरी, उबदार व जलरोधक कपडे आणि पुरेसे पाणी आवश्यक आहे.

वन्य प्राणी: अस्वल व लांडगा यांपासून किमान ९१ मीटर, तर गवे, एल्क आदी प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. अस्वलरोधक फवारा हाताशी ठेवावा. तो विमानातून नेता येत नसल्याने परदेशी प्रवाशांनी तेथेच घ्यावा. अन्न तंबूत ठेवू नये.

भाजल्यास प्रथमोपचार

व्यक्तीला उष्णतेपासून दूर सुरक्षित जागी न्यावे. भाजलेला भाग स्वच्छ, थंड व शक्यतो वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. त्वचेला न चिकटलेले कपडे व दागिने काढावेत. बर्फ, टूथपेस्ट, तूप किंवा हळद लावू नये. जखम स्वच्छ आवरणाने सैल झाकून उर्वरित शरीर उबदार ठेवावे व मदत मागवावी. दुर्गम भागात मदत पोहोचण्यास अनेक तास लागू शकतात. पुढील नियोजन ते गृहीत धरूनच करावे.

झऱ्यांचे संरक्षण

मॉर्निंग ग्लोरी या झऱ्यात पर्यटकांनी टाकलेल्या नाण्यांमुळे व कचऱ्यामुळे पाण्याचे मार्ग अंशतः बुजले, तापमान उतरले आणि त्याचा मूळचा गडद निळा रंग पालटला. झऱ्यांत काहीही टाकणे बेकायदेशीर आहे. याच उद्यानातील झऱ्यांत १९६० च्या दशकात थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू सापडला. त्यापासून मिळालेले विकर पुढे डीएनएच्या प्रती काढण्याच्या पीसीआर तंत्राचा आधार ठरले. काठावरील रंगीत थर पायाने तुडवल्यास किंवा पाण्यात साबण मिसळल्यास अशा सूक्ष्मजीवांचा अधिवास नष्ट होतो.

हेही पाहा

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान
गायझर
भूऔष्णिक ऊर्जा
वज्रेश्वरी