ऑनलाइन गेमची मॅच नुसती बघायचीय? मग बघणाऱ्यांचे हे नियम आधी माहिती करून घ्या

कबड्डीच्या मैदानाबाहेर लोक घसा बसेपर्यंत ओरडतात. त्यानं सामना बिघडत नाही, उलट रंगतो. कारण साधं आहे. रेड टाकणाऱ्याला समोरचे सातही गडी दिसत असतात. बाहेरून कुणी "डावीकडं बघ" म्हणून ओरडलं, तरी त्याला फारसं नवीन काही कळत नाही.

ऑनलाइन टीम गेममध्ये हे गणित उलटं होतं. तिथं खेळणाऱ्याला कमी दिसतं आणि बघणाऱ्याला जास्त. कोण कुठल्या घरात लपलाय, कुणाच्या गोळ्या संपल्यात, कुठली टीम मागून येतेय, हे सगळं बघणाऱ्याच्या स्क्रीनवर असतं. त्यामुळं त्याचा एक शब्दही मॅचचा निकाल फिरवू शकतो. बघणाऱ्यांचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून आलेत.

आता हा प्रकार काही मोजक्या पोरांपुरता राहिलेला नाही. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया म्हणजे बीजीएमआय २ जुलै २०२१ ला भारतात आली. २०२२ मध्ये तिची स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दिसली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडं दिला. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात बसूनही मोबाइलवर मॅच खेळता येते आणि बघताही येते. खेळायचं कसं हे शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. बघायचं कसं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

रूममध्ये जाण्याआधी विचारा

स्पर्धेच्या मॅच बऱ्याचदा 'कस्टम रूम'मध्ये होतात. रूमचा आयडी आणि पासवर्ड आयोजक टीमना देतो. बीजीएमआयमध्ये एका टीममध्ये चार जण असतात. मोठ्या स्पर्धेत साधारण १६ टीम, म्हणजे ६४ खेळाडू एका मॅचला उतरतात. प्रत्येक टीमला ठरलेला स्लॉट असतो.

नवीन माणूस आत येतो आणि रिकामी दिसेल त्या जागेवर बसतो. तिथंच गोंधळ सुरू होतो. ती जागा एखाद्या टीमची असते, आणि नेटवर्क गेल्यामुळं त्यांचा गडी परत जोडला जायची वाट बघत असतो. म्हणून आधी आयोजकाला विचारायचं. त्यानं परवानगी दिली, तरच बघणाऱ्यांसाठी ठेवलेल्या जागेवर जायचं. आयडी-पासवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाकायचा नाही. तो फुटला की बाहेरचे लोक घुसतात आणि मॅच पुन्हा लावावी लागते.

दिसलं ते सांगायचं नाही

हा सगळ्यात मोठा नियम. बघणाऱ्यानं विरोधी टीमची जागा आपल्या माणसाला सांगितली, तर त्याला 'घोस्टिंग' म्हणतात. खेळाडूनंच समोरच्याचं लाइव्ह प्रक्षेपण बघून त्याला गाठलं, तर ते 'स्ट्रीम स्नायपिंग'. दोन्ही फसवणुकीतच मोडतात. मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण काही मिनिटं उशिरानं दाखवतात, ते यासाठीच.

ही गोष्ट किती गंभीर आहे, ते २०२० मध्ये जगानं पाहिलं. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये प्रशिक्षकाला फक्त आपल्या खेळाडूंचा खेळ दिसायला हवा होता. पण एका तांत्रिक त्रुटीमुळं त्याचा कॅमेरा नकाशावर भलत्याच ठिकाणी अडकायचा आणि तिथून विरोधी टीमच्या हालचाली दिसायच्या. या त्रुटीच्या गैरवापरासाठी ई-स्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशननं सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. त्यांचा गुन्हा चुकीचं खेळण्याचा नव्हता, जे दिसायला नको होतं ते बघून त्याचा फायदा घेण्याचा होता.

गावातल्या छोट्या स्पर्धेलाही हेच लागू आहे. तुम्ही दोस्ताला हळूच "छतावर एक आहे" असं सांगितलं आणि ते उघड झालं, तर आयोजक तुम्हाला नाही, त्याच्या टीमला बाद करतो. महिनाभर सराव केलेल्या चौघांची मेहनत तुमच्या एका वाक्यात जाते. म्हणून मॅच बघताना आपला माइक बंद ठेवायचा. आपल्या मोबाइलवरून मॅच लाइव्ह दाखवायची असेल, तर आयोजकाला विचारून आणि उशिरानंच दाखवायची.

शेजारी बसून बघताय?

इथं अडचण वेगळी असते. चौघं एकाच खोलीत खेळतायत आणि तुम्ही मागं बसलाय, तर या तीन गोष्टी पाळा.

पहिली, त्यांचं हॉटस्पॉट वापरू नका. तुम्ही एखादा व्हिडिओ लावला की त्यांचा पिंग वाढतो. पिंग म्हणजे मोबाइलवरून सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात. तो वाढला की खेळाडू गोळी आधी झाडतो, पण सर्व्हरला ती उशिरा कळते.

दुसरी, मॅच सुरू असताना खेळणाऱ्याला फोन करू नका. कॉल आला की स्क्रीनवर आडवा येतो, आवाजही तुटतो. काम असेल तर मेसेज टाका, मॅच संपल्यावर तो बघेल.

तिसरी, न विचारता सल्ला देऊ नका. खेळणाऱ्याच्या कानात तीन साथीदारांचा आवाज असतो, शिवाय पावलांचा आवाज ऐकून शत्रू कुठंय हे ओळखायचं असतं. त्यात "इकडून जा ना" हा चौथा आवाज नकोच. काही समजलं नाही, तर दोन मॅचच्या मध्ये विचारा. तेव्हा बहुतेक जण हौसेनं समजावून सांगतात.

चॅटमध्ये काय लिहायचं?

'जीजी' म्हणजे गुड गेम. मॅच संपल्यावर दोन्ही बाजूंना उद्देशून लिहायचं. संपण्याआधी लिहिलं, तर 'तुम्ही हरलातच' असा टोमणा होतो. 'ईझी' किंवा 'ईझेड' म्हणजे 'लईच सोपं होतं'. हरलेल्याला हे लिहिणं अपमान समजला जातो.

कुणी भारी नेम लावला की लगेच 'हॅकर' म्हणू नका. शंका असेल, तर गेममधलं रिपोर्टचं बटण दाबा किंवा आयोजकाला व्हिडिओ पाठवा. पुराव्याशिवाय टाकलेला आरोप स्क्रीनशॉट होऊन फिरत राहतो. खेळणारी मुलगी असेल, तर तिच्या आवाजावर किंवा दिसण्यावर नाही, खेळावर बोला. आणि हरलेल्या खेळाडूच्या खासगी इनबॉक्समध्ये जाऊन शिव्या देणं म्हणजे पाठिंबा नव्हे.

पैशांची लिंक आली तर?

मॅचच्या चॅटमध्ये 'कोण जिंकेल ते सांगा, पैसे दुप्पट करा' अशा लिंकही येतात. ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिलीय, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातलीय. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळं अशी लिंक आली, तर उघडू नका आणि मजा म्हणूनही पुढं पाठवू नका.

थोडक्यात, आधी विचारा, माइक बंद ठेवा, दिसलं ते पोटात ठेवा आणि मॅच संपली की दोन्ही टीमसाठी 'जीजी' लिहा. एवढं जमलं, तर पुढच्या मॅचला आयोजक स्वतःहून तुम्हाला बघायला बोलावेल.