कूस बदलण्याचे शास्त्र

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ डॉक्टर दिवसातून काही मिनिटे असतात. उरलेले सगळे तास परिचारिकेचे असतात. औषध वेळेवर देणे, ताप, नाडी, रक्तदाब टिपणे, अंग पुसणे, सलाईनची सुई टोचली तिथे सूज आली का ते पाहणे, रात्री झोप लागत नसेल तर कारण शोधणे ही तिची कामे. यातले कोणते काम कसे आणि किती वेळा केले म्हणजे रुग्ण कमी त्रासात बरा होतो, हे अंदाजावर न सोडता मोजून ठरवणे म्हणजे परिचर्या संशोधन. नव्या औषधाची बातमी होते, या संशोधनाची फारशी होत नाही. तरीही वॉर्डातला माणूस नीट घरी जाणार की नवे दुखणे घेऊन जाणार, हे बऱ्याचदा यावरच ठरते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना परिचर्येचा जुना इतिहास आहे. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून लोक येत. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. शल्यविशारदाचा हात कितीही सफाईदार असला तरी नंतरचे आठ-दहा दिवस जखम चिघळू न देणे हे पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेवर अवलंबून असे. पुढे सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. तिकडे सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले.

क्षयाची ही आरोग्यधामे म्हणजे परिचर्येचीच रुग्णालये होती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. त्याआधी क्षयाच्या जंतूवर चालणारे औषधच नव्हते. विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजणे एवढाच उपचार, आणि तो महिनोन्‌महिने करायचा. औषधे आल्यावर प्रश्न पडला की रुग्णाला घरापासून इतके दिवस दूर ठेवायची गरज उरली आहे का? मद्रासच्या क्षयरोग केंद्राने त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले. रुग्णांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात राहिला, दुसरा दाटीवाटीच्या घरांतच राहून औषधे घेऊ लागला. कर्मचारी घरी जाऊन औषध नीट घेतले जाते की नाही ते पाहत. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर दोन्ही गटांतले निकाल जवळजवळ सारखे होते, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना क्षय होण्याचा धोकाही वाढलेला नव्हता.

या एका अभ्यासाने जगभरातला आरोग्यधामांचा काळ संपवत आणला. घरापासून तुटून राहणे हे क्षयाचे अटळ दुःख मानले जात होते, ते अटळ नव्हते हे मोजल्यामुळे कळले. बेल-एअरही बदलले. ते भारतीय रेडक्रॉसकडे आले आणि पुढे एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा हे त्याचे मोठे काम झाले. आज तिथे परिचर्या महाविद्यालयही आहे. आरोग्यधामातल्या आहाराचा आग्रह मात्र चुकीचा नव्हता. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पोषक शिधा देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, त्यात अशा घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले.

परिचर्या संशोधनाचे सगळ्यात बोलके उदाहरण बेडसोअरचे, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचे आहे. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, मणक्याला मार लागणे, दीर्घ बेशुद्धी अशा कोणत्याही कारणाने माणूस अंथरुणाला खिळला की शरीराचा भार ठरावीक जागांवर येतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू या त्या जागा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. वर दिसतो फक्त लालसर डाग. अनुभवी परिचारिका त्यावर बोट दाबून उचलते. लाली क्षणभर जाऊन परत आली तर अजून वेळ आहे. दाबूनही लाली गेली नाही तर जखमेची सुरुवात झाली, असे ती समजते. त्याच वेळी ती चादरीची घडी मोडते, ओलसर कापड बदलते, टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी सरकवते आणि रुग्णाला ओढत न नेता चादरीसकट उचलून वर घेते, कारण ओढण्यानेही कातडी सोलवटते.

ही लालीची खूण पुस्तकात आली ती गोऱ्या कातडीवरून. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताने चाचपून आजूबाजूच्यापेक्षा तो भाग गरम, थंड, टणक किंवा पिळपिळीत लागतो का, हे पाहावे लागते. नुसता डोळ्यांवर भरवसा ठेवला तर आपल्याकडच्या रुग्णाची पहिली पायरी निसटते आणि जखम उघडी पडल्यावरच कळते. वॉर्डात नव्या आलेल्या प्रत्येक विद्यार्थिनीला हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे.

धोका कोणाला जास्त, हे आधी ओळखण्यासाठी मोजपट्ट्या आहेत. इंग्लंडच्या डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्धांच्या वॉर्डातल्या अभ्यासातून 1962 मध्ये पहिली मोजपट्टी मांडली. कातडीवर चोळायच्या नाना मलमांपेक्षा ठरलेल्या वेळी कूस बदलण्याचाच उपयोग होतो, हे तिच्या कामातून पुढे आले. अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1987 मध्ये जी मोजपट्टी प्रसिद्ध केली ती आज अनेक रुग्णालयांत वापरतात. संवेदना, ओलसरपणा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण गुण 6 ते 23 यांच्या दरम्यान येतात, आणि ते 18 किंवा त्याहून कमी असले तर धोका धरायचा.

कूस दर दोन तासांनी बदलावी हा नियम रूढ आहे. बर्गस्ट्रॉम यांच्याच गटाने अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत तो पुन्हा तपासला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. दाट फोमची चांगली गादी असेल तर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात फरक आढळला नाही. पण हा निष्कर्ष त्या गादीपुरता आहे. कापसाच्या बसलेल्या किंवा काथ्याच्या पातळ गादीवर झोपलेल्या रुग्णाला तो लावता येणार नाही. मिरज, सांगली, सातारा, कराड इथल्या वॉर्डांत ज्या गाद्या आहेत, त्यांवर किती तासांनी कूस बदलणे पुरेसे आहे? या प्रश्नाचे उत्तर परदेशातून येणार नाही, ते इथेच शोधावे लागेल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, तक्ता आणि प्रामाणिक नोंद एवढे पुरते.

निव्वळ परिचर्येने काय साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये प्राणघातक हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळपास 42 वर्षे, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यांच्यासंबंधीचा निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही ही गोष्ट न्यायालयापुढे आली होती. परिचारिकांच्या कौशल्याची याहून मोठी पावती शोधूनही मिळणार नाही.

ते कौशल्य प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचायचे तर हात पुरेसे हवेत. अमेरिकेत लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. युरोपातल्या नऊ देशांच्या 2014 मधल्या अभ्यासातही हाच आकडा आला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने 2016 मध्ये ठरावीक रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे बंधन घातले, तेव्हा तिथले मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक तर काही बाबतीत याहून कडक आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. नाईट ड्युटीला कोणत्याही मोठ्या सरकारी वॉर्डात जाऊन पाहिले तर दंडक आणि वास्तव यांतले अंतर दिसते. दर दोन तासांनी कूस बदलायची असे तक्त्यावर लिहून ते होत नाही, कारण जड रुग्णाला वळवायला दोन माणसे लागतात.

उरलेले हात येतात नातेवाइकांकडून. जत, आटपाडी, माण, खटाव अशा तालुक्यांतून आलेल्या रुग्णाजवळ बायको, सून किंवा मुलगा बसलेला असतो. भरवणे, पुसणे, भांडे देणे ही कामे तेच करतात. डिस्चार्जनंतर तर सगळीच शुश्रूषा त्यांच्यावर येते. मग त्यांनाच नीट शिकवले तर काम भागेल, असे वाटणे साहजिक आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1250 रुग्णांवर हे तपासले गेले. अर्ध्या रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवले, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. 2017 मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. याचा अर्थ घरच्यांना शिकवू नये असा नाही. लघवीची नळी कशी सांभाळायची, टाच कशी पाहायची, गिळताना ठसका लागत असेल तर कसे भरवायचे, हे त्यांना कळलेच पाहिजे. पण प्रशिक्षित माणसाची जागा आधीच थकलेल्या सुनेने भरून काढावी ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही.

दोन्ही जिल्ह्यांत हे प्रश्न हाताळू शकतील अशा संस्था आहेत. कराडला कृष्णा वैद्यकीय संकुल आणि त्याचे परिचर्या महाविद्यालय, सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय, मिरजेला 1962 पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्यात अलीकडे सुरू झालेले शासकीय महाविद्यालय. परिचर्येत एम.एस्सी. करणाऱ्या प्रत्येकीला प्रबंध लिहावा लागतो, बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीही गटाने संशोधन प्रकल्प करतात. मनुष्यबळ आहे, रुग्णही आहेत. अडचण विषयाच्या निवडीत आहे. देशभरातल्या अशा प्रबंधांत एक साचा फार चालतो. एखाद्या गटाला प्रश्नावली द्यायची, तासभर माहिती सांगायची, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि गुण वाढले असे दाखवायचे. गुण वाढतातच. त्यातून रुग्णाचे काय झाले, हे मात्र कळत नाही. हात कधी धुवावेत हे परीक्षेत बरोबर लिहिणारी व्यक्ती घाईच्या शिफ्टमध्ये हात धुतेच असे नाही. म्हणून शिकवण्याआधी आणि नंतर त्या वॉर्डात सलाईनच्या जागी किती जणांना सूज आली, किती जण खाटेवरून पडले, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री किती जणांची वेदना आटोक्यात होती, हे मोजले पाहिजे. असा प्रबंध लिहायला वेळ जास्त लागतो आणि निकाल मनासारखा येईलच याची खात्री नसते. तरी खरे संशोधन तेच, आणि मार्गदर्शकांनी त्याचाच आग्रह धरायला हवा.

परिचारिकेची स्वतःची तब्येत हाही या अभ्यासाचा भाग आहे. एकेन यांच्या त्याच अभ्यासात रुग्णांबरोबर परिचारिकांचा शीणही मोजला होता. एकेक रुग्ण वाढला तशी परिचारिका गळून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढत गेली. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय त्यांच्या उपचारांचे केंद्र झाले, तेव्हा वॉर्डात सर्वाधिक तास परिचारिकाच होत्या. पुढची दोन वर्षे ही स्थिती राज्यभर होती. कौतुकाचे शब्द पुष्कळ मिळाले. पाठदुखी, सुईची इजा, पाळ्यांमुळे मोडलेली झोप आणि रुग्णाच्या नातेवाइकांकडून होणारी शिवीगाळ यांची नियमित नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी होते, आणि नोंद नसली की उपायासाठी पैसा मागता येत नाही.

वाचकांपैकी कोणी रुग्णालयात असताना एखादी विद्यार्थिनी संमतीपत्र घेऊन आली, तर त्या वेळचे हक्क माहीत असावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासाची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. नकार देता येतो, मध्येच बाहेर पडता येते आणि त्यामुळे उपचारांत काहीही फरक पडता कामा नये. हे सगळे नीट सांगितले गेले असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर होकार जरूर द्यावा.