मोटार-शर्यतीतील उमेदवारी

वसंतातील या व्याख्यानांत मोटारींच्या शर्यतीवर बोलावे, आणि तेही अमेरिकेच्या दक्षिण भागातील शर्यतीवर, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. एकाच वाटोळ्या रस्त्यावर चाळीसेक मोटारी तीन-तीन तास डावीकडे वळत राहतात, यात पाहण्यासारखे ते काय, असा आमचा ग्रह होता. परंतु त्या मोटारीत बसण्याचा अधिकार एखाद्या मुलाला कसा मिळतो, याची हकीकत वाचू लागलो तेव्हा मन गुंतले. कोणत्याही धंद्यात पोरगा उमेदवारी करतो आणि पायरीपायरीने वर जातो. त्या वर जाण्यात त्याचे कसब किती, दुसऱ्याचा पैसा किती आणि निव्वळ दैव किती, हा जुना प्रश्न येथे फार उघडा होऊन समोर येतो.

आधी नावाचा उलगडा करू. ‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला मिळते तशी मोटार. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स या गृहस्थाने शर्यतवाल्यांची बैठक भरवली, आणि १९४८ साली ‘नॅस्कार’ ही संस्था रीतसर उभी राहिली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे अस्सल बाजारी मोटारींची पहिली शर्यत झाली. तीत ग्लेन डनवे पहिला आला. पण तपासनिसांनी गाडीखाली डोकावून पाहिले तो मागच्या स्प्रिंगा बदललेल्या! चोरटी दारू वाहणारे लोक आपल्या गाड्यांना ही युक्ती करीत, म्हणजे ओझ्याने गाडी बसत नसे आणि पोलीस मागे लागले तरी वळणावर ढळत नसे. डनवे बाद झाला आणि जिम रोपर विजयी ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, तेथेही हरला. या खेळाचा जन्म असा आहे. आमच्या मते त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आजची स्टॉक कार नावापुरतीच बाजारी आहे. २०२२ पासून वरच्या श्रेणीतील गाडीचे बहुतेक भाग ठरलेल्या कारखान्यांकडूनच सर्वांनी घ्यावे लागतात. गाडी-गाडीतील फरक कमी झाला, तसे चालक आणि मिस्त्री यांचे महत्त्व वाढले.

आता शिडीकडे वळू. सर्वांत खाली पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या चिमुकल्या गाड्या. त्यांच्यावर ‘लेजंड’ गाड्या : १९३०-४० च्या सुमारच्या अमेरिकन मोटारींची आठास पाच या प्रमाणातील प्रतिकृती, आत मोटारसायकलचे एंजिन. मग गावोगावच्या लहान धावपट्ट्यांवरील ‘लेट मॉडेल’, मग प्रांतवार स्पर्धा, त्यानंतर ट्रकांची देशव्यापी मालिका, मग दुय्यम श्रेणी, आणि शेवटी कप. प्रत्येक पायरीवर गाडी जड होते, पट्टी लांब होते, शर्यत दीर्घ होते आणि खर्च वाढतो. जेफ गॉर्डन पाच वर्षांचा असताना या शिडीवर चढला. कॅलिफोर्नियात वयाची अट आड येते म्हणून त्याच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवून इंडियाना राज्यात नेले, आणि पुढे २४ क्रमांकाच्या गाडीतून त्याने चार अजिंक्यपदे मिळवली. हा झाला नेहमीचा मार्ग.

ज्याच्याविषयी आम्हांला मुख्यतः सांगायचे आहे तो विल्यम बायरन मात्र या मार्गाने आला नाही. २९ नोव्हेंबर १९९७ रोजी तो शार्लटमध्येच जन्मला, म्हणजे शर्यतीच्या पंढरीतच म्हणा ना. पण घरात शर्यतीचा वारसा नव्हता. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो संगणकावर शर्यत खेळू लागला. हा खेळ पोरखेळ नव्हे. २००८ साली सुरू झालेल्या ‘आयरेसिंग’ या यंत्रणेत खऱ्या धावपट्ट्या लेझर किरणांनी मोजून, खाचखळग्यांसकट उतरवलेल्या आहेत. तेथे बायरनने शेकडो शर्यती केल्या. प्रत्यक्ष गाडीत तो बसला २०१२ साली, पंधरा वर्षांचा होता होता. इतर मुले त्या वयात दहा वर्षांची जुनी झालेली असतात. तरी २०१३ साली लेजंड गाड्यांच्या ३३ शर्यती त्याने जिंकल्या.

हे कसे झाले, हे समजण्यासाठी वळणावर काय घडते ते थोडे पाहिले पाहिजे. वेगाने वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते आणि तिला धरून ठेवते ती केवळ टायरांची पकड. पुढच्या टायरांची पकड आधी सुटली, तर स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळ भिंतीकडे जाऊ लागते. तिकडचे लोक अशा गाडीला ‘घट्ट’ म्हणतात. मागच्यांची आधी सुटली, तर गाडीचे शेपूट भिंतीकडे झुकते आणि गाडी गरकन फिरते, ती ‘सैल’. हे दोष दर फेरीला बदलतात. इंधन कमी होते, टायर झिजतात, ऊन उतरते, आणि मघाशी सैल असलेली गाडी आता घट्ट होते. थांब्यावर गाडी आली की मिस्त्री टायरातील हवा कमी-अधिक करतो किंवा मागच्या स्प्रिंगेवरचा दाब एका पान्याने बदलतो. पण काय बदलायचे हे त्याला कोण सांगणार? मिस्त्री गाडीत बसलेला नसतो. चालकाने बिनतारी यंत्रावरून दोन-चार शब्दांत सांगायचे : वळणात शिरताना ठीक आहे, मध्यावर घट्ट आहे, बाहेर पडताना सैल आहे. ताशी दीडशे मैलांच्या वेगात, भिंत हातभर अंतरावर असताना, आपल्या बुडाला आणि पाठीला जे जाणवले ते नेमक्या शब्दांत मांडायचे! आमच्या समजुतीप्रमाणे या शिडीवर शिकण्याची मुख्य विद्या ही आहे. नुसता वेग पुष्कळांकडे असतो.

संगणकाच्या खुर्चीत पाठीला काहीच जाणवत नाही. तेव्हा तेथे शिकलेल्या मुलाला गाडी सुटत असल्याचे आधी डोळ्यांनीच ओळखावे लागते, आणि हजारो फेऱ्यांनी ती नजर तयार होते, अशी आमची कल्पना आहे. शिवाय संगणकावर मोडलेली गाडी फुकट दुरुस्त होते. भीती मात्र तेथे शिकता येत नाही. मे २००० मध्ये अ‍ॅडम पेटी हा १९ वर्षांचा चालक न्यू हॅम्पशायरच्या पट्टीवर दुय्यम श्रेणीच्या सरावात भिंतीवर आदळून मरण पावला. पेटी घराण्याची ती चौथी पिढी. १९५९ सालची पहिली डेटोना ५०० शर्यत जिंकणारा ली पेटी हा त्याचा पणजोबा. पुढल्याच वर्षी डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक डेटोनाच्या शेवटच्या फेरीत गेला, तेव्हा २००१ च्या ऑक्टोबरात मान-डोके आवळून धरणारे साधन सर्वांना सक्तीचे झाले.

असो. २०१४ साली बायरनला डेल अर्नहार्टच्याच मुलाच्या संघात लेट मॉडेल चालवायला मिळाली. हा डेल ज्युनियर स्वतः संगणकावरील शर्यतीचा शौकीन, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१५ साली बायरनने पूर्वेकडील प्रांतिक अजिंक्यपद घेतले आणि २०१६ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो काइल बुशच्या संघातून ट्रकांच्या मालिकेत उतरला. तेथे रूडी फ्यूगल हा त्याचा क्रू चीफ, म्हणजे मुख्य मिस्त्री. त्या वर्षी या नवख्याने सात शर्यती जिंकल्या. ट्रकांच्या मालिकेत पहिल्याच वर्षी इतके विजय त्यापूर्वी कोणी मिळवले नव्हते.

आणि तरी तो अजिंक्य ठरला नाही. नियम असा होता की, हंगामाच्या अखेरीस टप्प्याटप्प्याने स्पर्धक गाळायचे, आणि शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे राहील तो अजिंक्य. शेवटून दुसरी शर्यत अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे होती. बायरन आघाडीवर होता. मोजक्या फेऱ्या उरल्या असता एंजिन फुटले, आणि तो चौघांतून गळाला. पुढच्या आठवड्यात होमस्टेडची शेवटची शर्यत त्यानेच जिंकली, पण अजिंक्यपद जॉनी सॉटरकडे गेले. तोंडात घास जाता जाता खाली पडावा, तसेच हे. आम्हांला हा नियम अन्यायाचा वाटतो. पण पुढल्याच वर्षी दुय्यम श्रेणीत तोच बायरन फिनिक्सला जिंकला, आणि होमस्टेडला तिसरा येऊन त्याच नियमाने अजिंक्य झाला. त्या दिवशी ज्याच्या हातून पद निसटले तो एलियट सॅडलर बेचाळीस वर्षांचा होता. नियम कोणाला कधी तारील, कधी मारील, याचा भरवसा नाही.

या साऱ्यात पैशाचा भाग किती? आम्ही स्पष्टच सांगतो : फार मोठा. वरच्या पायऱ्यांवर पुष्कळदा चालकालाच पुरस्कर्ता शोधून आणावा लागतो. बायरनच्या पाठीशी व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठ उभे राहिले आणि तेथेच तो शिकतही होता. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचे काय होते, हे वेंडेल स्कॉट यांच्या चरित्रात दिसते. डॅनव्हिल गावचे हे कृष्णवर्णीय मिस्त्री जुन्या-पुराण्या गाड्या स्वतःच दुरुस्त करून शर्यतीत आणीत. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलची शर्यत त्यांनी जिंकली, पण चषक दुसऱ्याला दिला गेला. प्रेक्षक घरी गेल्यावर, काही तासांनी, फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे कबूल करण्यात आले. स्कॉट १९९० साली वारले. नॅस्कारने त्या विजयाचा चषक त्यांच्या घरच्यांच्या हाती दिला तो २०२१ साली!

अलीकडे वर्ण किंवा लिंग यांमुळे मागे राहणाऱ्यांसाठी नॅस्कारने २००४ पासून एक शिक्षणयोजना चालवली, तिच्यातून काही माणसे वर आली. त्यांतला राजा कॅरुथ हा वॉशिंग्टनमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. तोही संगणकावरच शर्यत शिकला. ज्या संघात बायरनने ट्रक चालवला तो २०२३ साली स्पायर नावाच्या संघाने विकत घेतला होता. स्पायरच्याच ट्रकातून १ मार्च २०२४ रोजी लास व्हेगास येथे कॅरुथ जिंकला. नॅस्कारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत मिळून, स्कॉट आणि बबा वॉलेस यांच्यानंतर शर्यत जिंकणारा तो तिसराच कृष्णवर्णीय. साठ वर्षांत तीन. संगणकाने शिडीची खालची पायरी स्वस्त केली हे खरे. वरच्या पायऱ्यांचे भाडे मात्र तेवढेच राहिले.

ओघात आले म्हणून सांगतो, आपल्याकडील कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन हा २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला चालक २०१० मध्ये या ट्रकांच्या मालिकेत गेला होता, आणि त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून प्रेक्षकांनी त्याचीच निवड केली. वरून आलेल्यालाही तेथे खालच्या पायरीवर बसावे लागते.

२०१८ साली बायरन कपच्या श्रेणीत, गॉर्डनच्याच त्या २४ क्रमांकाच्या गाडीत बसला. पहिल्या वर्षी एकही विजय नाही, गुणांत तेविसावा. पहिला विजय आला तो ऑगस्ट २०२० मध्ये डेटोनाला, अठ्ठ्याण्णवाव्या शर्यतीत. मग २०२१ साली जुना मिस्त्री फ्यूगल त्याच्याकडे आला, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याच शर्यतीत विजय मिळवला, तोही होमस्टेडला. ‘मध्यावर घट्ट आहे’ या तीन शब्दांचा या मुलाच्या तोंडी नेमका काय अर्थ होतो, हे त्या मिस्त्रीला १८ व्या वर्षापासून ठाऊक होते. अशी जोडी पैशाने बनत नाही. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे बायरनने डेटोना ५०० जिंकली.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी कपचे अजिंक्यपद ठरवणारी शर्यत होती, आणि ती फिनिक्सलाच. शेवटच्या चौघांत बायरन होता. तीन फेऱ्या उरल्या असता डेनी हॅमलिन आघाडीवर होता. वीस वर्षे वाट पाहिलेले पहिले अजिंक्यपद त्याच्या हाती जवळजवळ आलेच होते. तेवढ्यात बायरनचा टायर फुटला आणि गाडी भिंतीला लागली. पिवळा बावटा पडला, सर्वजण थांब्यावर गेले, काइल लार्सनने दोनच टायर बदलले, हॅमलिनने चार. आणि पद लार्सनला मिळाले. हा लार्सन त्याच २००४ च्या शिक्षणयोजनेतून वर आलेला. २०२६ च्या हंगामापासून नॅस्कारने एका शर्यतीवर अजिंक्यपद ठरवण्याचा तो नियम काढून टाकला आणि अखेरच्या दहा शर्यतींचे गुण धरायचे ठरवले. बायरन त्या दिवशी गाडीतून उतरला तो स्वतःच्या हुकलेल्या पदापेक्षा हॅमलिनविषयीच हळहळत होता.